चलांचे बारसे



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपणांपैकी काहींनी शेजाऱ्याकडे प्रश्नार्थक पाहिले असेल. संगणकाच्या स्क्रिप्टमधील चलांना नावे कशी द्यावीत, हा प्रश्न त्या विद्येच्या जाणकारांनी आपापसांत सोडवावा. गावाने त्यासाठी वसंतातली एक संध्याकाळ का खर्च करावी? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर आम्ही आरंभीच देऊन टाकतो. पतसंस्थेतील ठेवीवरचे व्याज, घरपट्टीचे बिल, मुलांची गुणपत्रिका या गोष्टी आज कोणीतरी लिहिलेल्या ओळींतून बाहेर पडतात. त्या ओळी लिहिणारा एक असतो, आणि काही वर्षांनी त्यांत दुरुस्ती करणारा दुसरा. या दोघांची गाठ बहुधा कधीच पडत नाही. त्यांच्यात जो काही संवाद व्हायचा तो पहिल्याने ठेवलेल्या नावांमधून होतो. तो संवाद बिघडला तर त्याचा भुर्दंड आपण भरतो. विषयाशी आपला एवढा संबंध पुरेसा आहे असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. चल म्हणजे संगणकाच्या स्मरणातील एखाद्या किमतीला आपण दिलेले नाव. किंमत बदलते, नाव तेच राहते. स्वयंपाकघराच्या फळीवरचे डबे डोळ्यांपुढे आणले म्हणजे पुरे. डब्यातली डाळ संपते, नवी भरली जाते, वरची चिठ्ठी मात्र तीच. स्क्रिप्ट हा शब्द तर नाटकवेड्या महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. नाटकाच्या संहितेप्रमाणे ती संगणकाला क्रमाने काय करायचे ते सांगते, आणि एक दुभाष्या ती वाचत वाचत अमलात आणतो. पायथन, जावास्क्रिप्ट, पर्ल, युनिक्सचे शेल या अशा प्रकारच्या भाषा होत. मोठी प्रणाली उभारायची तर मंडळी बैठका घेतात, आराखडे काढतात, तपासनीस नेमतात. स्क्रिप्टच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते. महिनाअखेरीस कोणाला तरी दोन याद्या जुळवायच्या असतात. कचेरीतला एखादा हुशार तरुण वीस ओळी लिहून देतो आणि म्हणतो, ‘आजच्यापुरते चालवा.’ ते आजच्यापुरते दहा वर्षे चालते. तरुण बदली होऊन जातो, ओळी राहतात. म्हणून नावांचा प्रश्न स्क्रिप्टमध्ये विशेष बिकट होतो.

अज्ञाताला नाव देण्याची ही कला आपल्याला नवी नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी बीजगणित लिहिले. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने काढलेल्या मठाचा उल्लेख आहे, तेव्हा हा पुरुष आपल्या अगदी शेजारचा. त्यांच्या बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत्, म्हणजे ‘जितके तितके’, असे नाव आहे. एकाहून अधिक अज्ञाते असली तर पुढच्यांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना आद्याक्षरे घ्यायची: या, का, नी, पी. पुढे १६३७ साली देकार्त या फ्रेंच पंडिताने ज्ञात राशींना वर्णमालेच्या आरंभीची आणि अज्ञातांना शेवटची अक्षरे दिली, आणि तो ‘एक्स’ आजही शाळकरी मुलांच्या मानगुटीस बसलेला आहे. या दोन्ही पद्धती उत्तम चालल्या, कारण गणिताचा पसारा एका पानात मावतो. ‘नी म्हणजे घोड्यांची किंमत’ असे वर लिहिले की खाली दहा ओळींपर्यंत ते ध्यानात राहते. स्क्रिप्टमध्ये तीच ओळ तीनशे ओळींनंतर, तीन वर्षांनंतर, तिसराच मनुष्य वाचतो. त्याला ‘नी’ म्हणजे घोडे की गाढवे हे कोण सांगणार?

यंत्राला यातले काहीच नको असते. चलाचे नाव ‘पगार’ ठेवा, ‘झुरळ’ ठेवा, बेरीज तीच येते. पहिल्या काळी तर नाव ठेवणाऱ्याचे हातच बांधलेले होते. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आय.बी.एम.च्या ७०४ या यंत्रासाठी फोर्ट्रान भाषा सिद्ध केली. तिच्यात नाव सहा अक्षरांहून मोठे चालत नसे. शिवाय आय, जे, के, एल, एम, एन यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू होणारे नाव आपोआप पूर्णांकाचे समजले जाई. १९६४ साली डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी बेसिक भाषा काढली. तिच्यात संख्येच्या चलाचे नाव म्हणजे एक अक्षर, किंवा एक अक्षर आणि एक अंक. म्हणजे २६ अधिक २६०, एकूण २८६ नावे. गावात २८६ च नावे ठेवता येतात असा कायदा झाला तर तलाठ्याची जी अवस्था होईल, तीच तेव्हा लिहिणाऱ्याची होती.

आज ती अडचण उरलेली नाही. नाव हवे तेवढे लांब ठेवता येते. बंधन गेले आणि जबाबदारी आली. यंत्र अडवत नाही म्हटल्यावर माणसांनी आपापसांत रीत ठरवावी लागते. तिलाच नामकरणाचे संकेत म्हणतात.

यांतले काही संकेत केवळ रूपाचे आहेत. चलाच्या नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून दोन शब्द जोडायचे कसे? एक रीत अशी की दुसऱ्या शब्दाचे पहिले रोमन अक्षर मोठ्या लिपीत लिहायचे. मध्ये उंचवटा येतो म्हणून तिला उंटपद्धती म्हणतात. जावास्क्रिप्टवाले ती वापरतात. दुसरी रीत दोन शब्दांमध्ये खाली आडवी रेघ घालण्याची. नाव जमिनीलगत सरपटते म्हणून ती सर्पपद्धती. ही पायथनवाल्यांची. पायथन भाषा ग्विडो व्हान रॉस्सुम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली, आणि २००१ साली तिच्या लेखनशैलीची एक नियमावली तयार झाली. तिच्यात चलांना लहान लिपी, न बदलणाऱ्या किमतींना मोठी लिपी, असे संकेत आहेत. एकेरी अक्षराचे नाव ठेवायचे झाल्यास धाकटा एल, थोरला ओ आणि थोरला आय ही तीन अक्षरे वापरू नयेत असेही तीत म्हटले आहे. कारण काही टंकांत ती एक आणि शून्य या अंकांपासून ओळखू येत नाहीत. उंट बरा की साप बरा, यावर तरुण मंडळी हमरीतुमरीवर येतात. आमच्या मते त्यात फारसा अर्थ नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी हाकावी की उजव्या, याला तात्त्विक उत्तर नसते. पण एका गावात दोन्ही चालू दिले तर माणसे मरतात. एका कचेरीत एक रीत असावी, एवढेच महत्त्वाचे.

काही संकेत याहून खोल जातात. पाणिनीचे लकार आपण संस्कृतच्या वर्गात घोकले असतील: लट्, लिट्, लोट्, लङ्, लुङ्. ती नावे चमत्कारिक वाटतात, पण त्यांची शेवटची अक्षरे फुकटची नाहीत. नावाच्या टोकाला ट् आहे की ङ्, यावरून त्या लकाराच्या प्रत्ययांवर कोणते संस्कार व्हायचे ते व्याकरणाला कळते. नावाच्याच अंगावर खूण ठेवण्याची ही युक्ती लॅरी वॉल यांनी १९८७ साली काढलेल्या पर्ल भाषेत दिसते. तेथे एकट्या किमतीच्या नावाआधी डॉलरचे चिन्ह, यादीच्या आधी ‘ॲट’चे आणि जोडयादीच्या आधी टक्क्याचे. टोपीवरून पोलीस, पोस्टमन आणि रेल्वेचा गार्ड ओळखावा तसे. तीच कल्पना चार्ल्स सिमोनी या हंगेरीत जन्मलेल्या संगणकतज्ज्ञाने निराळ्या रीतीने राबवली. नावाच्या आरंभी दोनतीन अक्षरे घालून ती वस्तू कोणत्या जातीची हे सांगायचे: ही संख्या ओळीचा क्रमांक आहे, ती स्तंभाचा. हंगेरीत आपल्या शाळेच्या हजेरीपटाप्रमाणे आडनाव आधी येते, म्हणून या रीतीला हंगेरियन पद्धती म्हणू लागले. मूळ हेतू असा की ओळीच्या क्रमांकात स्तंभाचा क्रमांक कोणी मिळवला तर ती चूक वाचतानाच डोळ्यांत खुपावी. पुढे अनुयायांनी अर्थ सोडला आणि अक्षरे धरली. ‘ही पूर्णांक संख्या’, ‘हा मजकूर’, असे यंत्राला आधीच ठाऊक असलेले तेवढे नावात कोंबले, आणि पद्धती बदनाम झाली. संस्था स्थापणाऱ्याचा हेतू आणि वार्षिक सभेतला ठराव यांत जे अंतर पडते ते येथेही पडले, म्हणायचे.

नाव किती लांब असावे? याचे उत्तर आपल्या घरातच आहे. घरात मुलाने ‘बाबा’ म्हणून हाक मारली तर एकच मनुष्य ओ देतो. तीच हाक दादरच्या स्थानकावर मारली तर शंभर माना वळतात. तेथे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव, सगळे सांगावे लागते. चलाचेही तसेच आहे. चार ओळींच्या फेऱ्यात जन्मून तेथेच संपणाऱ्या चलाला ‘आय’ हे एकाक्षरी नाव शोभून दिसते. तेथे ‘सध्या_चालू_असलेल्या_फेरीचा_क्रमांक’ लिहिणे म्हणजे घरच्या पोराला नाव, आडनाव आणि हुद्द्यासकट जेवायला बोलावणे. पण जो चल साऱ्या स्क्रिप्टभर फिरतो त्याचे नाव भरघोस हवे. नावाची लांबी त्याच्या वावराच्या टापूवर ठरावी.

हा टापू न ओळखल्याने काय होते, याचा मासला युनिक्सच्या शेलमध्ये मिळतो. तेथे ‘पाथ’ या नावाचा, सर्व मोठ्या रोमन अक्षरांत लिहिलेला, एक चल आधीपासून असतो. कोणतीही आज्ञा दिली की ती कोणकोणत्या कपाटांत शोधायची, याची यादी त्यात असते. नवशिका आपल्या एका फाइलचा मार्ग ठेवायला सहज हेच नाव निवडतो. दुसऱ्या क्षणी साध्यासाध्या आज्ञा ‘सापडत नाहीत’ होतात. यंत्र बिघडले नाही. त्याने सार्वजनिक विहिरीवर आपल्या घराची पाटी लावली. म्हणून पोसिक्स नावाच्या मानकाने लहान लिपीतली नावे सामान्य स्क्रिप्टकारांसाठी राखून ठेवली आहेत. हा एवढासा संकेत पाळला की हा अपघात टळतो.

याहून घातक गोष्ट शुद्धलेखनाची. ह्रस्वदीर्घाच्या वादात मराठी माणसाने पुष्कळ शाई खर्च केली. त्या शाईचे चीज येथे होते. पायथनमध्ये चल आधी जाहीर करावा लागत नाही. नावात किंमत ठेवली की तो जन्मला. समजा, वर ‘एकूण’ असे दीर्घ लिहिले आणि खाली रक्कम मिळवून ठेवताना ‘एकुण’ असे ऱ्हस्व लिहिले. यंत्र शिक्षकासारखे लाल शाईने खूण करीत नाही. ते मुकाट्याने दुसरा चल निर्माण करते, आणि दीर्घ ‘एकूण’ आहे तसाच राहतो. शेलमध्ये तर न ठेवलेल्या नावाच्या जागी रिकामी जागा समजण्याची प्रथा आहे. ‘अमुक फोल्डरमधील सर्व पुसून टाक’ अशी आज्ञा असून फोल्डरच्या नावाचे स्पेलिंग चुकले, तर उरते ‘सर्व पुसून टाक’. नाव बरोबर असूनही आत काहीच नसले तरी तेच होते. २०१५ च्या जानेवारीत लिनक्सवरील एका लोकप्रिय खेळप्रणालीच्या स्क्रिप्टमध्ये एका चलाची जागा रिकामी राहिली आणि वापरणाऱ्याच्या फाइली धुऊन निघाल्या, हे जगजाहीर आहे. यावर उपाय आहेत. शेलला, पर्लला, आणि २००९ पासून जावास्क्रिप्टलाही, ‘अनोळखी नाव दिसल्यास थांब’ असे एका ओळीत बजावता येते. ही ओळ न लिहिणे म्हणजे वहीखात्याला हिशेबतपासनीस न नेमणे.

आता आम्ही मुख्य मुद्द्यास येतो. नावाने काय सांगावे? आपल्या शाळेतल्या अंकगणिताने याचे उत्तर चार अक्षरांत देऊन ठेवले आहे: दसादशे. दरसाल दर शेकडा. नुसता ‘दर’ म्हटला असता तर सावकार आणि कूळ यांच्यात जन्माचा वाद लागला असता. दर सालाचा की महिन्याचा? शेकड्याचा की रुपयाचा? कोणा अज्ञात शहाण्याने हा सारा करार नावातच बांधून टाकला. आज एखाद्या पतसंस्थेच्या स्क्रिप्टमध्ये ‘दर’ नावाचा चल आहे आणि त्यात १२ ही किंमत आहे, असे समजा. एक लाख रुपयांवर एका वर्षाचे सरळव्याज किती? लिहिणाऱ्याच्या मनात दसादशे असेल तर १२,००० रुपये. नंतरच्याने तो दरमहा समजला तर १,४४,००० रुपये. आणि कोणी मध्येच १२ ऐवजी ०.१२ असे शतांशात लिहून ठेवले, पण पुढची शंभराने भागणारी ओळ तशीच राहिली, तर १२० रुपये. तिन्ही वेळा यंत्राने आपले काम चोख केले. चूक डब्यावरच्या चिठ्ठीत होती. ‘दर_दसादशे’ एवढे लिहिले असते तर दुसऱ्याचा हात थबकला असता.

परिमाण न सांगणाऱ्या आकड्याने काय होते, याचा एक दाखला आकाशात आहे. अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचले आणि नष्ट झाले. त्याच्या लहान धक्क्यांचे आकडे जमिनीवरची एक प्रणाली पौंडांच्या परिमाणात देत होती. घेणारी प्रणाली ते न्यूटनच्या परिमाणात समजत होती. दोहोंत सुमारे साडेचार पटींचे अंतर. मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचे यान ५७ किलोमीटरवर आले. चौकशीत या घटनेची इतरही कारणे पुढे आली. सारा दोष नावांवर ढकलणे योग्य होणार नाही. पण आकड्यांच्या प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर परिमाण ठळक लिहिलेले असते, तर कोणाच्या तरी डोळ्यांना ते टोचण्याची एक संधी होती.

निरर्थक नाव वाईट, खोटे नाव त्याहून वाईट. ‘एक्स’ हे नाव वाचणारा निदान सावध होतो. याचा अर्थ शोधला पाहिजे, हे त्याला कळते. पण ‘वसूल_रक्कम’ या नावाच्या चलात काही काळाने थकबाकीही मिळवू लागले, आणि नाव बदलण्याचा आळस केला, तर वाचणारा विश्वासाने फसतो. बोर्नव्हिटाच्या डब्यात मोहरी ठेवलेली घरच्या सासूबाईंना ठाऊक असते. नव्या सुनेने ती दुधात घातली तर दोष कोणाचा? डब्यातली वस्तू बदलली की चिठ्ठी बदलावी, हा सर्व संकेतांतला श्रेष्ठ संकेत आम्ही मानतो.

शेवटी एक प्रश्न आपल्या भाषेचा. २००८ च्या अखेरीस आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीतही ठेवता येतात. तरी आमचे तरुण रोमन लिपीत मराठी नावे लिहितात, आणि मग के-ए-एल या तीन अक्षरांचा अर्थ काल, काळ, कळ की कल, हे त्यांचे त्यांनाही चार महिन्यांनी सांगता येत नाही. देवनागरीत हा घोटाळा नाही. आपल्या लिपीत थोरली-धाकटी अक्षरे नसल्यामुळे तेथे उंट चालत नाही. साप मात्र सुखाने सरपटतो. पण एक काटा आहे, तो सांगितला पाहिजे. ‘शेतकऱ्यांची_थकबाकी’ हे नाव घ्या. त्यातला ऱ्य संगणकात दोन प्रकारे उमटवता येतो: एक नुक्त्याच्या ऱ या स्वतंत्र अक्षराने, दुसरा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे. पायथन ते अदृश्य चिन्ह नावात घेतच नाही, चूक दाखवून थांबतो. जावास्क्रिप्ट ते घेते आणि दोन्हींना निरनिराळे चल समजते. एकाच नावाचे दोन शेतकरी, एकाच्या खात्यात थकबाकी, दुसऱ्याच्या खात्यात पूज्य! म्हणून मराठीत नावे ठेवणाऱ्या कचेरीने कळफलकही एकच ठरवावा. आणि मराठीत ठेवावीत की इंग्रजीत? आमचे उत्तर सरळ आहे. उद्या जो वाचणार आहे त्याच्या भाषेत. परदेशच्या सहकाऱ्यांबरोबर काम असेल तर इंग्रजीत; तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाची स्क्रिप्ट असेल आणि तिथले कारकून ती सांभाळणार असतील, तर खुशाल मराठीत.

श्रोतेहो, आपणांपैकी पुष्कळजण कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर आहात. संस्थेसाठी कोणी तरुण स्क्रिप्ट लिहून देईल तेव्हा, ‘आम्हांला यातले काही कळत नाही,’ असे म्हणून सही करू नका. त्याला समोर बसवा आणि कोणत्याही दहा ओळी मोठ्याने वाचायला सांगा. शेजारी संस्थेचे जुने हिशेबनीस असू द्यात. प्रत्येक नावापाशी त्यांनी एवढेच विचारावे: यात काय आहे, रुपये की पैसे, महिन्याचे की सालाचे, आणि हे नाव आज खरे आहे काय? तरुणाला उत्तर देताना नावाच्या बाहेर जावे लागले, तर ते नाव बदलून घ्यावे. याला खर्च नाही, यंत्रविद्या लागत नाही. लागतो अर्धा तास. नाव ठेवण्याच्या वेळी हा अर्धा तास दिला नाही, तर पुढे वर्षानुवर्षे दुसऱ्याला नावे ठेवीत बसण्याची पाळी येते, आणि तोवर ज्या ठेवीदाराचे व्याज कमी पडले तो खिडकीसमोर उभाच असतो.